इंटरनेटचं आडनाव

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने प्रकल्पाचा अहवाल आणून माझ्या टेबलावर ठेवला. विषय होता खासगी रुग्णालयांतील रुग्णांचं समाधान. शेवटी संदर्भांची दोन पानी सुबक यादी. मी सहज त्यातले पहिले तीन संदर्भ शोधायला बसले. एकही सापडेना. लेखकांची नावं भारदस्त होती, पानांचे आकडे काटेकोर होते, फक्त ती पुस्तकं जगात नव्हती.

"ही यादी कुठून आणलीस?"

"मोबाइलनं बनवून दिली, मॅडम," तो अगदी निरागसपणे म्हणाला.

"आणि या पुस्तकात हे लिहिलंय, असं कोन म्हन्ते?"

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन नागपुरात आले त्याला पंधरा वर्षं झाली, पण इथली बोली माझ्या जिभेवर काही बसली नाही. बोलायला गेले की भाजीवाल्या हसतात. एवढे दोनच शब्द मला अस्सल नागपुरी उच्चारात येतात, आणि ते मी रंगारी मॅडमकडून उचलले आहेत.

रंगारी मॅडम आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. आमचं कॉलेज व्यवस्थापनशास्त्राचं. एका बाजूला एमबीए, दुसऱ्या बाजूला रुग्णालय व्यवस्थापन, आणि दोन्हींच्या डोक्यावर, थेट गच्चीखाली, ग्रंथालय. मे महिन्यात तिथे पाऊल ठेवलं की भाकरी तव्यावर पडल्यासारखं वाटे. अख्ख्या ग्रंथालयात एकच कूलर, आणि त्याचं तोंड कुठे वळवायचं हा अधिकार फक्त मॅडमचा. त्या स्वतःच्या टेबलाकडे तो कधी वळवत नसत आणि कपाटांकडे तर मुळीच नाही. "पुस्तकाले ओल सोसत नाही, पोट्ट्यांले सोसते," असं म्हणून त्या कूलर मुलांवर सोडत. परीक्षेच्या दिवसांत निम्मी मुलं केवळ त्या वाऱ्यासाठी वर येत. येऊन बसलेल्याला मात्र मॅडम रिकाम्या हाती बसू देत नसत. वाऱ्याचं भाडं म्हणून निदान एक लेख वाचावाच लागे.

ठेंगणा बांधा, सुती साडी, पायांत कापडी बूट आणि दोन चष्मे. एक नाकावर, दुसरा केसांत खोवलेला. एक कॉम्प्युटरसाठी, दुसरा माणसांसाठी. समोरचा थापा मारतोय असं वाटलं की त्या बोलता बोलता चष्मा बदलत. पहिल्या वर्षाच्या मुलांना याचा अर्थ कळत नसे. दुसऱ्या वर्षाची मुलं हात केसांकडे जाताना दिसला की लगेच खरं बोलायला लागत.

पुस्तकांबद्दल त्या घरच्या माणसांसारखं बोलत. बांधणीला गेलेलं पुस्तक 'दवाखान्यात' असे. कोणी वेळेवर परत न केलेलं पुस्तक 'सासरी अडकलेलं' असे, आणि मग त्या सासरच्या माणसाला वर्गाच्या दारात उभं राहून सगळ्यांदेखत विचारत, "आमची पोरगी कधी पाठवून राहिला गा?"

त्या नागपूरजवळच्या कुही गावच्या. आजोबा दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातशेतात, राबायचे आणि नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यावर रात्रशाळेत अक्षरं शिकले. मॅडम सांगायच्या, की आजोबांपुढे ऐकीव गोष्ट चालायची नाही. गावात काही बातमी आली की म्हातारा विचारायचा, तू स्वतः पाहिलं का? नाही ना, मग आधी पाहून ये. "मी लायब्ररी सायन्स कॉलेजात शिकली असं लोक समजतात," मॅडम म्हणत. "मी तं ते ओट्यावर बसूनच शिकली."

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती माझ्या फजितीतून. मी नवीनच रुजू झाले होते. एका चर्चासत्रात विदर्भातल्या रुग्णालय व्यवसायावर निबंध वाचायचा होता. खाटांचा किती तुटवडा आहे याचा एक झणझणीत आकडा मला मिळाला होता. तो संदर्भसूचीत कसा लिहायचा, एवढंच विचारायला मी वर गेले.

मॅडमनी कागद पाहिला. "हा आकडा कोन म्हन्ते?"

"इंटरनेटवर आहे ना."

"इंटरनेटचं आडनाव काय?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आडनाव नाही? गाव? कोनाचा पोरगा हाये?" मॅडमचा हात केसांकडे गेला. "घरी अनोळखी मानूस आला तं आपन दारातच विचारतो ना वं, तू कोनाचा? मंग हा आकडा सरळ स्वयंपाकघरात कसा घुसला?"

मला राग आला होता. पण त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, मला बसवलं आणि आम्ही त्या आकड्याचं घर शोधायला निघालो. ज्या पानावर तो मला मिळाला होता, त्या पानाने तो एका बातमीतून घेतला होता. बातमीने एका भाषणातून. भाषण करणाऱ्याने एका माहितीपत्रकातून. दुपारच्या चहाच्या सुमाराला आम्ही त्या माहितीपत्रकापर्यंत पोचलो. ते रुग्णालयांना पलंग पुरवणाऱ्या एका कारखान्याचं होतं.

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "पलंग विकनारा म्हन्ते, पलंग कमी हायेत! त्यानं बिचाऱ्यानं दुसरं काय म्हनावं?"

मग त्यांनी मला सरकारी आरोग्य अहवाल कुठे असतात ते दाखवलं. कंपन्यांचे वार्षिक अहवाल कसे वाचायचे, वैद्यकीय नियतकालिकांचा संग्रह कसा उघडायचा, सगळं दाखवलं. माझा झणझणीत आकडा गेला आणि त्याच्या जागी तीन मिळमिळीत पण खरे आकडे आले. चर्चासत्रात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण प्रश्नोत्तरांत एक वयस्कर डॉक्टर उठले आणि प्रत्येक वक्त्याला त्याच्या आकड्यांचा उगम विचारू लागले, तेव्हा मी एकटीच न अडखळता उत्तरं देत होते. माझ्या आधीचे दोन वक्ते घाम पुसत बसले होते.

दरवर्षी जुलैमध्ये मॅडम नव्या मुलांचा एक तास घेत. माहिती कशी शोधावी, हा विषय. इतर कॉलेजांत या तासाला मुलं झोपतात. आमच्याकडे मागच्या वर्षाची मुलंही येऊन भिंतीला टेकून उभी राहत.

"जरीपटक्याच्या मार्केटात गेला," मॅडम सुरुवात करत, "अन् दुकानदाराले म्हनला, कपडे द्या. काय देईन तो?"

"काहीही देईन, मॅडम."

"काहीही देईन! सतरंजीबी देईन, लंगोटबी देईन. तुमी कॉम्प्युटरले 'हेल्थ' असं म्हनता, तवा त्याच्यापुढं हेच संकट असते. कोनासाठी, कोन्या मापाचं, कोन्या रंगाचं, हे सांगा नं बाप्पा."

त्यानंतर पोहे येत. शोधशब्द जोडायचे तीन प्रकार असतात. दोन्ही हवेत, दोन्हींपैकी कुठलंही चालेल, आणि अमुक नको. मॅडम फळ्यावर इंग्रजी शब्द लिहीतच नसत. "पोहे आनिक तर्री. म्हन्जे दोन्ही पायजेतच, नुसते पोहे आले तं परत पाठवा. चहा किंवा कॉफी, काहीबी चालते. अन् कांदा नोको. झालं, संपलं शास्त्र." तर्री म्हणजे पोह्यांवर ओतायचा तो लालभडक चण्याचा रस्सा. नागपूरच्या मुलाला ती न घालता पोहे देणं हा अपमान असतो, त्यामुळे पहिला नियम कोणी जन्मात विसरत नसे. एकदा विद्यापीठाच्या परीक्षेत आमच्या एका मुलाने 'माहितीशोधाच्या पद्धती' या प्रश्नाखाली 'तर्री पद्धत' असा ठळक मथळा देऊन दीड पान लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांचा फोन आला, की ही पद्धत कोणत्या ग्रंथात आहे? मॅडमना त्या दिवशी फार अवघडल्यासारखं झालं. स्वतःच्याच पद्धतीला त्यांच्याकडे आधार नव्हता.

आमचे प्राचार्य बोरकर सर मात्र ग्रंथालयाकडे नापासाच्या गुणपत्रिकेकडे बघावं तसं बघत. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी आवडत. कारंजं, काचेचं दार, सूट घातलेले पाहुणे. व्यवसाय आणि आरोग्य या विषयांचा जो मोठा ऑनलाइन संग्रह आम्ही वर्गणी भरून घेत होतो, तो दिसत नसे. एके दिवशी त्यांनी सभेत जाहीर केलं, की कोणी वापरत नसेल तर तो बंद करू. कोण किती वापरतं, याची यादी ग्रंथपालांनी आणावी.

मॅडमनी यादी आणली. सरांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतली आणि पहिल्याच नावाला थांबले.

"बबनराव? हे कुठल्या विभागाचे?"

"कॅन्टीनचे, सर."

बबनराव आमच्या कॅन्टीनचे मालक. मोमोज ठेवावेत की समोसाच चालू द्यावा, या विवंचनेत ते एकदा वर आले होते, आणि मॅडमनी त्यांना खाद्यव्यवसायाचे बाजार अहवाल उघडून दिले होते. तेव्हापासून दुपारची गर्दी ओसरली की ते हात धुऊन वर येत आणि शब्दकोश शेजारी घेऊन वाचत बसत. दुसरं नाव चौकीदार शेंडेकाकांचं होतं. त्यांना गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि करून घेण्याआधी त्यांना सगळं वाचून हवं होतं. प्राध्यापकांत पहिलं नाव माझं होतं, पण ते बरंच खाली.

"हा संग्रह कॉलेजचा आहे की कॅन्टीनचा?" सर कडाडले.

"सर, तुमचंबी लॉगिन हाये," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तीन वर्षांपासून बनवून ठेवलं. अजून उघडलंच नाही तुमी. पासवर्ड सांगू का?"

निर्णय पुढच्या सभेवर गेला. बबनरावांनी मोमोज ठेवले नाहीत, आणि का ठेवले नाहीत हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सविस्तर सांगत.

पण रंगारी मॅडम म्हटलं की मला आठवतो तो कन्हानचा दिवस.

दुसऱ्या वर्षाला अंकिता नावाची मुलगी होती. कुहीजवळच्या एका खेड्यातली, अबोल, अभ्यासू. तिच्या प्रकल्पाचा विषय होता ग्रामीण भागातली आरोग्य उत्पादनांची विक्री. उदाहरण म्हणून तिने साखरेच्या आजारावरचं एक चूर्ण निवडलं होतं. त्याच्या पत्रकावर लिहिलं होतं, 'आंतरराष्ट्रीय संशोधन पत्रिकेत सिद्ध.' तो मूळ लेख हवा म्हणून ती वर आली. मीही तिथेच होते.

"हेच चूर्ण काहून घेतलं वं?" मॅडमनी विचारलं.

"बाबा घेतात," अंकिता म्हणाली. "दोन महिन्यांपासून. गोळी बंद केली त्यायनं. पायाची जखम भरून नाही राहिली, पन म्हन्तात, चूर्नाले वेळ लागते."

मॅडमनी चष्मा बदलला नाही. दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. "आधी डॉक्टरले दाखव. आजच. लेखाचं मंग पाहू."

"मी म्हटलं, मॅडम. मायबी रोज म्हन्ते. बाबा म्हन्तात, छापून आलं हाये."

मग शोध सुरू झाला. पत्रक एका संकेतस्थळाकडे बोट दाखवत होतं. संकेतस्थळ एका पत्रिकेकडे. पत्रिकेचं नाव तोंडभर होतं, त्यात 'ग्लोबल' आणि 'इंटरनॅशनल' हे दोन्ही शब्द होते. त्या पत्रिकेतला लेख दीड पानाचा होता आणि त्याच्या शेवटी आधार म्हणून जे दिलं होतं, ते म्हणजे आमच्या हातातलं ते पत्रक. म्हणजे पत्रक म्हणे पत्रिकेला विचारा आणि पत्रिका म्हणे पत्रकाला विचारा.

पत्रिकेच्या शेवटच्या पानावर संपादकीय कार्यालयाचा पत्ता होता. कन्हान, आमच्या नागपूरशेजारचं.

"चाल वं," मॅडम पर्स उचलत मला म्हणाल्या, "आंतरराष्ट्रीय ठिकानी जाऊन येऊ. स्कूटीत पेट्रोल हाये ना?"

कामठी ओलांडून, नदीचा पूल ओलांडून आम्ही कन्हानला पोचलो. पत्ता विचारत विचारत बाजाराच्या एका गल्लीत शिरलो. पिठाच्या गिरणीशेजारी एक दुकान होतं. बाहेर पाटी होती, 'लग्नपत्रिका, झेरॉक्स, लॅमिनेशन.' आत एक गृहस्थ गणपतीचे ठसे पुसत बसले होते.

"हे ग्लोबल पत्रिकेचं कार्यालय कुठं हाये?" मॅडमनी विचारलं.

"या ना, बसा," गृहस्थ आनंदाने म्हणाले. "मीच संपादक."

ते इतके सज्जनपणे वागले की आम्हाला भांडताच येईना. त्यांनी चहा मागवला. लेख कोण तपासतं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "शुद्धलेखन मी स्वतः पाहतो." वैद्यकीय लेख? "तेबी मीच पाहतो. बारीक टाइपात चुका लय होतात." मॅडम ग्रंथपाल आहेत हे कळल्यावर त्यांनी हात जोडून त्यांना संपादक मंडळावर येण्याची विनंती केली. "तुमच्यासारखी मोठी मानसं हायेत आमच्याकडं," म्हणत त्यांनी ताजा अंक उघडला. प्रमुख सल्लागार म्हणून सूट घातलेला एक फोटो होता. आमचे बोरकर सर.

परतताना पुलावर मॅडमनी मागच्या सीटवरून मला स्कूटी हळू घ्यायला लावली. मग म्हणाल्या, "हसावं का रडावं, समजून नाही राहिलं वं." आणि हसू लागल्या. मग अचानक थांबल्या. "त्या पोरीच्या बापाचा पाय," एवढंच म्हणाल्या.

रविवारी त्या अंकिताच्या घरी गेल्या. मीही गेले. तिचे वडील अंगणातल्या खाटेवर पाय उंच करून बसले होते. घोट्याला फडकं गुंडाळलेलं. सहा फुटी, हट्टी माणूस. मुलीच्या मॅडम आल्या म्हणून उठू लागले तर मॅडमनी हातानेच बसवलं.

"मी डॉक्टर नाही, दादा. लायब्ररीवाली हाये," मॅडम म्हणाल्या. "चूर्न चांगलं का वाईट, मले नाही समजत. मले एवढंच समजते, की हे कोन म्हनलं. म्हनून पाहून आली."

"छापून आलं हाये, बाई. इंटरनॅशनलमधी."

मॅडमनी वाद घातला नाही. पर्समधून कन्हानच्या त्या दुकानाचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. वडिलांनी ते लांब धरून वाचलं. परत वाचलं. कपाळावर आठ्या चढल्या.

"कन्हानचा? गिरनीजवळचा?"

"तोच."

"या मानसानं माझ्या साळ्याच्या पोरीची पत्रिका छापली होती!" ते खाटेवरच ताठ झाले. "लगनाची तारीखच चुकवली त्यानं! अर्धे पाहुने दुसऱ्या दिवशी आले. मांडव निघून गेलता. मी स्वतः आचाऱ्याले परत बोलावून चाळीस मानसाले जेवू घातलं. हा सांगून राहिला मले साखरेचं?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली अंकिताची आई पदर तोंडाला लावून हसत होती. हसता हसता तिने डोळे पुसले. दोन महिने तिने जे विनवण्या करून सांगितलं, ते एका चुकलेल्या तारखेने पाच मिनिटांत केलं. सोमवारी सकाळी वडील स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. पाय वाचला. एक बोट मात्र काढावं लागलं. आठवडाभर आधी आले असते तर तेही राहिलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे सांगताना मॅडमचा आवाज वेगळाच येई, आणि त्या तो किस्सा तिथेच संपवत.

बोरकर सरांच्या खोलीत मात्र त्या एकट्याच गेल्या. दार लावून. तो अंक त्यांनी टेबलावर ठेवला आणि कन्हानची सगळी हकीकत सांगितली. सरांनी फोनवर कुणाला तरी हो म्हटलं होतं, मान मिळतोय म्हणून. एक अंकही उघडून पाहिला नव्हता. आमच्या माहितीपुस्तिकेत ही सल्लागारी पहिल्या पानावर होती. सरांनी विचारलं, "हे कोणाकोणाला सांगितलंत?"

"कोनालेच नाही. सांगायचं असतं तं दार काहून लावलं असतं?"

हे मला मॅडमनी सांगितलं नाही. पुष्कळ दिवसांनी सरांनीच सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांनी नाव काढून टाकण्याचं पत्र लिहिलं आणि मॅडमना ते तपासायला पाठवलं. मॅडमनी त्यातल्या 'काही अपरिहार्य कारणास्तव' या शब्दांखाली लाल रेघ ओढून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला सरांनी खरं कारण लिहिलं. पुढच्या सभेत संग्रह बंद करण्याचा विषय निघालाच नाही. माहितीपुस्तिका नव्याने छापली, पहिल्या पानावर कारंज्याचा फोटो आला.

मॅडम दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आता कुहीला राहतात, फोनवर भेटतात. पण माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या कॉलेजातल्या शेवटच्या दुपारच्या मॅडम.

निरोप समारंभ तीनला होता. सभागृह भरलं होतं. बबनरावांनी स्वतः उभं राहून गुलाबजाम केले होते. अंकिता नोकरीतून सुट्टी काढून आली होती. साडेतीन झाले, पावणेचार झाले, तरी मॅडमची खुर्ची रिकामी. बोरकर सर शाल हातात घेऊन व्यासपीठावर उभे होते. शेवटी तेच खाली उतरले आणि तरातरा जिन्याकडे निघाले. काही बिनसू नये म्हणून मी त्यांच्या मागे गेले.

ग्रंथालयात मॅडम होत्या आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून मॅडम कॉम्प्युटरपुढे वाकल्या होत्या. मुलगी बाळंतिणींच्या आहारावर काही शोधत होती आणि तिला सापडत नव्हतं. उद्यापासून मॅडम नाहीत, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. रडवेली झाली होती.

"मॅडम, सगळे थांबलेत," सर दारातून म्हणाले.

मॅडमनी मान वळवली नाही. नुसता डावा हात मागे करून त्यांना शेजारचं स्टूल दाखवलं. वर्गात बोलणाऱ्या मुलाला दाखवावं तसं.

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण सर आत गेले. स्टुलावर बसले. शालीची घडी नीट करून मांडीवर ठेवली. थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, मग खिशातून चष्मा काढून लावला आणि खुर्ची पुढे ओढावी तसं स्टूल पुढे सरकवलं.

"हे शेवटचं काय केलंत," ते हळूच म्हणाले, "ते पुन्हा एकदा दाखवा."

मी काचेचं दार आवाज न करता लोटून घेतलं आणि सभागृहात जाऊन सांगितलं, अर्धा तास लागेल.